हिरवळीवर अवश्य चालावे

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला आणि 'यंदा तरी वैद्यकीय विषय सोडून काही लिहा' अशी प्रेमळ आज्ञा झाली. भूल देण्याचा व्यवसाय ३४ वर्षे केलेल्या माणसाच्या हातून वाचकांना जागे ठेवणारे काही लिहून होईल का, अशी शंका मी बोलून दाखविली. ती अर्थातच फेटाळण्यात आली. तेव्हा ऑगस्ट २०२४ पासून ज्या विषयाने मला स्वतःला जागे ठेवले आहे त्याच विषयावर लिहितो. तो विषय म्हणजे आमच्या सयाजीगंजातील सोसायटीच्या आवारातली हिरवळ.

विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद असा तो जमिनीचा तुकडा. परंतु त्याच्यापायी आमच्याकडे तीन सभा झाल्या, त्यातली एक रात्री साडेअकरापर्यंत चालली, आणि वर्षानुवर्षे एकमेकांना तिळगूळ देत आलेली दोन कुटुंबे त्यानंतरच्या संक्रांतीला एकमेकांच्या दारी गेली नाहीत. एका पक्षाचे म्हणणे असे, की गवत आता जगत नाही, तेव्हा सरसकट पेव्हर ब्लॉक बसवून टाकावेत. धूळ नाही, चिखल नाही, माळ्याचा पगार नाही. दुसरा पक्ष गवताच्या बाजूचा, पण त्याला मुलांचा तिटकारा. त्याचे म्हणणे, भोवती तारेचे कुंपण घालावे आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लावावी. एका सद्गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या गवताचा नमुनाही पिशवीतून आणून दाखविला. भर उन्हात हे प्लॅस्टिक साठ अंशांच्या पुढे तापू शकते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी 'वर पाणी शिंपडू' असे उत्तर दिले.

माझे मत या तिघांच्याही विरुद्ध आहे. हिरवळ चालण्यासाठीच असते; चालल्याने तिच्याखालची जमीन दबते; आणि दबलेली जमीन पुन्हा मोकळी करता येते. यातले पहिले दोन मुद्दे सर्वांनाच मान्य होते. तिसरा कोणालाच ठाऊक नव्हता. खरे सांगावयाचे तर मलाही नव्हता.

आपल्यापैकी बहुतेकांची हिरवळीशी पहिली ओळख कमाटीबागेत झाली असणार. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली ही बाग घातली गेली तेव्हा सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. पुढे १८९३ साली क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून बडोदे संस्थानाच्या सेवेत आले. बंगळूरच्या लालबागेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते हेच गृहस्थ; पण म्हैसूर दरबाराने त्यांना बोलावून नेण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे ते आपल्या बडोद्याचे होते, हे बंगळूरकर सहसा सांगत नाहीत. अशा माणसांनी घडविलेल्या या नगरात उत्तम बाग ही राजवाड्याच्या भिंतीआड राहिली नाही, रयतेलाही मिळाली. आमच्या लहानपणी दांडिया बझारातील वाड्यातून रविवारी सतरंजी आणि थालीपिठांचा डबा घेऊन आम्ही निघायचो, काळ्या घोड्याला वळसा घालून बागेत शिरायचो आणि थेट गवतावर पथारी पसरायचो. गवत हे लांबून पाहण्याची वस्तू आहे असे तेव्हा कोणी आम्हांला सांगितले असते तर आजीने त्याला वेड्यात काढले असते.

'हिरवळीवर चालू नये' ही पाटी देशभरातल्या असंख्य बागांतून दिसते. ती वाचली की मला हमखास असे वाटते, की हा उपचार नव्हे, ही उपचाराची टाळाटाळ आहे. पाय दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला 'आता चालूच नका' असे सांगण्यासारखेच ते आहे. क्वचित, थोड्या दिवसांपुरता, तो सल्ला योग्य असतो. जन्मभरासाठी नसतो.

आता आमच्या तुकड्याची हकीकत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्या पुढे चढले, ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. आमच्या आवारात पाणी शिरले, राहिले आणि उतरताना हिरवळीवर बोटभर जाडीचा मऊशार, राखाडी गाळ ठेवून गेले. तो वाळला तेव्हा वर पापुद्रा धरला. त्यावर पाणी घातले तर ते मुरण्याऐवजी घरंगळत गटाराकडे जाई. गाळ खरवडून काढण्याचे काम आम्ही सप्टेंबरात केले. (डॉक्टर वाचकांना सांगणे नको, पण इतरांना सांगतो: पुराच्या गाळात मैलापाणी आणि उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. गमबूट आणि हातमोजे घातल्याविना त्याला हात लावू नये आणि नंतर ताप आला तर पुराचा उल्लेख आपल्या डॉक्टरांकडे अवश्य करावा.) गाळ गेला, परंतु गवत काही उठेना. दिवाळीपर्यंत ते पिवळे पडले आणि जानेवारीत मधोमध टक्कल दिसू लागले. पेव्हर ब्लॉकचा ठराव आला तो तेव्हा.

सर्वांनी दोष पुराला दिला. मीही दिला. परंतु ही हिरवळ पुरापूर्वीही निरोगी नव्हती, हे मला माझ्या मनाशी कबूल करावे लागले. गेली कित्येक वर्षे ती उन्हाळ्यात सुकायची, मी पाणी वाढवायचो. ती पिवळी पडायची, मी युरिया टाकायचो. चार दिवस हिरवी दिसायची की मला कृतकृत्य वाटायचे. शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घसरू लागला म्हणजे नवशिक्या डॉक्टरचा हात आधी ऑक्सिजनच्या चकतीकडे जातो. आम्ही वरिष्ठ त्याच्यावर ओरडतो, 'अरे, आधी नळी पाहा! नळी बंद असेल तर टाकी रिकामी केलीस तरी काय उपयोग?' हे वाक्य मी किती तरुण डॉक्टरांना ऐकविले असेल याची गणती नाही. आणि घरच्या अंगणात मात्र मी वर्षानुवर्षे चकतीच फिरवीत बसलो होतो.

नळी पाहायला लावली ती आमच्या माळीभाईंनी. मूळचे पंचमहालातले, बोलणे मोजके. त्यांनी एके सकाळी खुरपे टाकून पाहिले, ते दोन बोटांच्या पलीकडे जाईना, आणि माझ्याकडे वळून ते एवढेच म्हणाले, ''साहेब, आ जमीन बेसी गई छे.'' जमीन बसली आहे. मी घरातून लांब पेचकस आणला आणि ठिकठिकाणी टोचून पाहिला. गुलाबांच्या वाफ्यात तो मुठीपर्यंत सहज गेला. हिरवळीच्या मध्यभागी, जमीन ओली असूनही, मी सर्व भार दिला तरी दीड इंचावर अडला. मग पहारीने वीतभर खोलीचा एक त्रिकोणी तुकडा उचलून काढला. बायोप्सीच म्हणा. वर दीड इंच मुळांचे गुंतवळ, त्याखाली विटेसारखी दगडी, गुळगुळीत माती आणि तिच्यात एकही मूळ नाही, एकही गांडूळ नाही. इमारत बांधताना टाकलेल्या विटांचे तुकडे मात्र होते.

मातीचे शरीरशास्त्र या वयात वाचायला घेतले तेव्हा ते मला परके वाटले नाही. चांगल्या मातीच्या आकारमानाचा साधारण निम्माच भाग घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे पोकळ्या, आणि त्यातल्या साधारण अर्ध्या पाण्याने व अर्ध्या हवेने भरलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. मुळे श्वास घेतात. पाने दिवसा प्राणवायू बाहेर टाकतात हे शाळेत शिकविले जाते. पण जमिनीखालची मुळे आपल्यासारखीच अहोरात्र प्राणवायू घेतात आणि कर्बद्विप्राणिल वायू सोडतात, हे आपण विसरतो. ही देवाणघेवाण वरच्या हवेशी चालते ती मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतून. पायांच्या दाबाने सर्वांत आधी चिरडल्या जातात त्या ह्याच मोठ्या पोकळ्या. बारीक पोकळ्या शिल्लक राहतात, त्या पाणी धरून ठेवतात, आणि पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद होतो. म्हणजे दबलेली जमीन वरून ओली दिसते आणि आत गवत गुदमरत असते. मग मुळे वरवरच पसरतात. उथळ मुळांना रोज पाणी लागते. आणि ओल्या जमिनीवर पाय पडला की ती कोरडीपेक्षा अधिक दबते. मी वाढविलेले पाणी नेमके काय करीत होते ते आता ध्यानी येईल.

आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीला निसर्गाने स्वतःची सोय करून दिलेली आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यातून हवा खोलवर जाते, पावसात ती फुगते आणि भेगा मिटतात. शेतकरी तिला तापू देतो ते उगीच नाही. आपण हिरवळीला बारा महिने ओली ठेवतो, त्यामुळे तिला ही उसंत कधीच मिळत नाही. आणि गंमत अशी की ज्या अवस्थेला परदेशी पुस्तके दोन-दोन पाने खर्च करतात, तिच्यासाठी आपल्या मराठी शेतकऱ्याकडे एक शब्द शतकानुशतके तयार आहे: वाफसा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा. ओल आहे पण चिखल नाही, हवा आहे पण धूळ नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना मुळांच्या श्वसनाची सूत्रे ठाऊक नसतील. उपाय ठाऊक होता.

मात्र हिरवळीवर कोळपे चालवता येत नाही. तिथे लागते ते पोकळ दातांचे औजार. भरीव खिळ्यांनी किंवा बागेच्या काट्याने भोके पाडली तरी थोडा उपयोग होतो, पण चिकण मातीत भरीव खिळा भोकाच्या कडेची माती आणखी दाबून बसवितो. (तळव्याला खिळे लावलेले जोडे घालून हिरवळीवर फेऱ्या माराव्यात, अशी एक जाहिरात माझ्या पाहण्यात आली. व्यायाम उत्तम होत असावा.) पोकळ नळी मातीचा गाभा उपसून बाहेर काढते आणि आजूबाजूच्या मातीला सैल व्हायला जागा देते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका वेल्डिंगवाल्याकडून मी तसे औजार करवून घेतले: अर्ध्या इंची लोखंडी पाइपाचे चार तुकडे, टोके तिरकी कापलेली, वर आडवी पट्टी, पाय ठेवायला जागा आणि कमरेइतका दांडा. पहिला नमुना साफ फसला. पाइपात माती अडकून बसे आणि दर दहा टोच्यांनंतर ती सळईने काढावी लागे. मग प्रत्येक पाइपाच्या अंगाला उभी फट कापून घेतली. तेव्हा नवा गाभा आत शिरताना जुना बाहेर पडू लागला.

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, थंडी पुरती ओसरून गवत हलू लागल्यावर, आम्ही आरंभ केला. आदल्या दिवशी पाणी, दुसऱ्या सकाळी वाफसा. चार-चार इंचांवर तीन इंच खोल भोके. चौरस फुटात नऊ, म्हणजे हजार चौरस फुटांत ९,०००. चार दातांच्या औजाराने २,२५० टोचे. माळीभाई, मी आणि शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी ज्यांच्यावर कुंपणाची वेळ आली होती ती मुले, असे मिळून आठ सकाळी लागल्या. हिशेब केला तर भोकांनी व्यापलेला पृष्ठभाग जेमतेम दोन टक्के भरतो. निघालेले गाभे तसेच वाळू दिले, खराट्याने फोडले, आणि त्यावर ओरसंग नदीची जाड वाळू व चाळलेले जुने शेणखत समभाग मिसळून भोकांत लोटले. बारीक वाळू चालत नाही. ती चिकणमातीशी मिसळून सिमेंट होते. नंतर तीन आठवडे कोणीही त्यावर पाय ठेवू नये असे ठरले आणि आश्चर्य म्हणजे मुलांनी ते पाळले. पाटीची गरज पडली नाही. कारण तारीख सांगितली होती. पहिल्या पावसानंतर वाफसा आल्यावर जूनअखेरीस हाच सर्व प्रयोग पुन्हा केला.

आमचे गवत म्हणजे साधी हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. प्रत्येक पेऱ्याला मूळ धरणारी ही वनस्पती जात्याच चिवट. तिला फक्त खाली जायला वाट हवी होती. भाद्रपदात आमच्या मंडळींनी एकवीस जुड्या ह्याच अंगणातून खुडल्या, ते मागच्या वर्षी जमले नव्हते. नवरात्रापर्यंत पेचकस चार इंच जाऊ लागला आणि गांडुळांची विष्ठा दिसू लागली. ते दिसताच मला डार्विन आठवला. गांडुळांवरचे आपले पुस्तक त्याने १८८१ साली, म्हणजे आपल्या महाराजांना राज्याधिकार मिळाले त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. एकरी दहा टनांहून अधिक माती ही मंडळी वर्षाकाठी आपल्या शरीरातून पार करतात, असा अंदाज त्यात आहे. एकदा ती परतली की पुढचे बरेच टोचे फुकट मिळतात.

सर्व काही साधले असे मात्र नाही, आणि ते लपविणे रुग्णाचा अर्धा अहवाल दाखविण्यासारखे होईल. फाटकाजवळचा जो कोपरा स्कूटर लावण्यासाठी वापरला जातो तिथे काहीच उगवले नाही. आसोपालवाच्या दाट सावलीतली पट्टीही तशीच राहिली. हरळीला ऊन लागते, तिथे कितीही भोके पाडा. या दोन ठिकाणी पेव्हर ब्लॉक घालावेत, पण त्यांच्या फटी सिमेंटने भरू नयेत, असे मी सुचविले आहे. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या माणसांनी पाणी मुरण्याची एकेक जागा बुजवीत जावे, हे मला तरी समजत नाही. तसेच रेताड जमिनीला या उपचाराची फारशी आवश्यकता नसते, आणि थंडीत, गवत झोपलेले असताना, तो केल्यास लाभापेक्षा हानी अधिक. पेचकस सहज आत जात असेल तर औजार जिन्याखालीच राहू द्यावे.

आता थोडे आवाराबाहेर पाहू. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टी रोलर फिरवून मुद्दाम दाबतात आणि सीमेपर्यंतचे मैदान मुद्दाम मोकळे राखतात; कुठे कठीण हवे आणि कुठे मऊ, ह्याचा विचार तिथे झालेला असतो. आपल्या इतर मैदानांच्या बाबतीत तो होतो काय? नवरात्रात नऊ रात्री हजारो पावले एकाच वर्तुळात फिरतात. गरब्याच्या मी विरुद्ध नाही. तरुणपणी मीही त्या वर्तुळात होतो, आणि बडोद्यात राहून त्याच्या विरुद्ध असणे प्रकृतीला चांगलेही नाही. परंतु दहाव्या दिवशी मंडपाचे खांब जसे काढले जातात तशीच जमीनही मोकळी करून दिली पाहिजे. ऑक्टोबरात इथे ऊब असते, गवत वाढत असते; टोचणी, खत आणि तीन-चार आठवड्यांची विश्रांती दिली तर थंडीपूर्वी ते सावरू शकते. मैदान भाड्याने देणाऱ्यांनी हे कलम करारातच घालावे आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवून घ्यावी. सार्वजनिक बागांतही कायमच्या पाटीऐवजी हिरवळीचे चार भाग करून आळीपाळीने एकेक भाग बंद ठेवावा, आणि फाटकावर तो कोणत्या तारखेला उघडेल ते लिहावे.

यात आपल्या व्यवसायाचा संबंध काय, असे एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले. त्याला मी आमच्या शेजारच्या आजींची गोष्ट सांगितली. वय ८४, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली. भूल मीच दिली होती, निवृत्तीच्या अगदी शेवटच्या महिन्यांत. त्या रोज सकाळी चपला काठावर काढून गवतावर वीस फेऱ्या घालतात. नोव्हेंबरात एकदा त्यांचा तोल गेला आणि त्या पडल्या. उठून बसल्या, लुगडे झटकले, आणि 'आज अठराच झाल्या' अशी तक्रार केली. जमीन दीड इंचावर वीट असती तर काय झाले असते ते मला सांगता येणार नाही. पण मैदानांचा कठीणपणा ठराविक वजन वरून टाकून मोजतात, आणि कठीण मैदानावर पडणारा अधिक जोरात आपटतो, एवढे सांगता येते.

ठराव अद्याप मागे घेतलेला नाही. येत्या रविवारी चौथी सभा आहे. औजार आमच्या जिन्याखाली उभे आहे. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांना हवे असेल त्यांनी खुशाल घेऊन जावे, फक्त परत ठेवताना पाइपांतली माती काढून ठेवावी. ती वाळली की फार त्रास देते.